जुन्या गाडीत ई-२० पेट्रोल: अ‍ॅव्हरेज किती पडतं, पाइप कधी बदलायचा आणि महागडं ‘९५’ घ्यायचं का?

पंपावर आज साधं पेट्रोल मागितलं की जे मिळतं ते ई-२०. म्हणजे शंभर लिटरमध्ये साधारण ऐंशी लिटर पेट्रोल आणि वीस लिटर इथेनॉल. तालुक्याच्या पंपावर बिनइथेनॉलचं वेगळं नोजल नाही, त्यामुळे घ्यायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न एवढाच की दहा-पंधरा वर्षांच्या गाडीला ते सोसतं का. आणि गावात गाड्या तशाच जास्त आहेत. स्प्लेंडर, प्लॅटिना, शाइन, अ‍ॅक्टिव्हा, चारचाकीत मारुती ८००, ओम्नी, अल्टो.

मोबाइलवर याबद्दल दोन प्रकारचे व्हिडिओ फिरतात. एकात इंजिन खलास झालेलं असतं, दुसऱ्यात काहीही होत नाही. खरी गोष्ट मधली आहे. जुनं इंजिन या पेट्रोलने एका रात्रीत बसत नाही, पण अ‍ॅव्हरेज थोडं पडतं, जुने रबरी भाग लवकर जातात आणि टाकीत पाणी असेल तर पूर्वीपेक्षा जास्त त्रास होतो. या तिन्हीवर इलाज आहे, आणि तो बहुतेक वेळा शंभर-दोनशे रुपयांचा असतो.

सुरुवात मिरज आणि मनमाडहून

इथेनॉल मिसळण्याचा देशातला पहिला प्रयोग २००१ मध्ये झाला. त्याच्या तीन ठिकाणांपैकी दोन महाराष्ट्रातली होती, मिरज आणि मनमाड. तिसरं उत्तर प्रदेशात बरेलीला. २००३ पासून नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झालं, पण पुढे दहा वर्षं गाडी रडतखडतच चालली. २०१३-१४ मध्ये देशातलं मिश्रण जेमतेम दीड टक्का होतं. नंतर मात्र वेग आला. जून २०२२ मध्ये १० टक्के गाठले, फेब्रुवारी २०२३ मध्ये काही पंपांवर ई-२० ची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशभर २० टक्के झाले. २०१८ च्या जैवइंधन धोरणात हेच उद्दिष्ट २०३० सालचं होतं. म्हणजे पेट्रोल पाच वर्षं आधी बदललं, लोकांच्या दारातल्या गाड्या मात्र त्याच राहिल्या. आजच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे.

आपली गाडी कुठल्या गटात?

नीती आयोगाने २०२१ मध्ये इथेनॉलचा आराखडा केला. त्याप्रमाणे एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत ई-२० ला टिकणारे रबर-प्लास्टिकचे भाग आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनची जुळणीही ई-२० ची, असं ठरलं होतं. काही कंपन्यांनी त्याआधीच बदल केले. पक्कं बघायचं तर टाकीच्या झाकणाजवळ ‘ई २०’ किंवा ‘ई १०’ असा स्टिकर असतो तो बघा. तो नसेल तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात इंधनाचं पान असतं.

साधारण २००८ नंतरच्या गाड्या १० टक्के इथेनॉल सोसतील अशा भागांनी बनलेल्या आहेत. त्याआधीच्या गाड्या, म्हणजे एम-८०, जुनी राजदूत, चेतक, पद्मिनी, सुरुवातीची मारुती ८००, या इथेनॉल नसलेल्या पेट्रोलवर बेतलेल्या. सगळ्यात जास्त लक्ष यांच्याकडे द्यायला हवं.

अ‍ॅव्हरेजचा हिशेब

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ताकद असते. त्यामुळे पाचवा हिस्सा इथेनॉल घातलं की लिटरमागची ताकद सहा-सात टक्क्यांनी कमी होणार, हे साधं गणित आहे. पण गाडीत तेवढीच घट दिसते असं नाही. नीती आयोगाच्या अहवालात बिनइथेनॉलवर बेतून १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीला सहा ते सात टक्के आणि तशाच दुचाकीला तीन ते चार टक्के घट धरली होती. दहा टक्क्यांवर बेतून वीससाठी जुळवलेल्या चारचाकीला एक ते दोन टक्के.

लिटरला १०५ रुपये धरू. साठचं अ‍ॅव्हरेज देणारी मोटारसायकल महिन्याला १२०० किलोमीटर पळत असेल तर २० लिटर लागायचं. चार टक्के घट झाली तर अ‍ॅव्हरेज साडेसत्तावन्नच्या आसपास येतं आणि पेट्रोल २० लिटर ८०० मिली लागतं. म्हणजे महिन्याला ८५-९० रुपये जादा. सोळाची जुनी मारुती महिन्याला ५०० किलोमीटर फिरली तर सहा टक्क्यांनी दोन लिटर जास्त, सव्वादोनशे रुपयांच्या आत. रक्कम फार मोठी नाही, पण दूध घालायला रोज दोन खेपा करणाऱ्याला वर्षाचे हजार रुपये कळतातच.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. साठवरून पंचेचाळीसवर आलेलं अ‍ॅव्हरेज इथेनॉलने आलेलं नसतं. एअर फिल्टर धुळीने बंद झालाय का, चेन सुकलीय का, टायरमध्ये हवा आहे का, ब्रेक चिकटतोय का, क्लच सरकतोय का, हे आधी बघावं. सध्या गॅरेजमध्ये कुठलीही तक्रार नेली की ‘पेट्रोलचं आहे’ म्हणून सांगायची पद्धत पडली आहे. त्यात मूळ दुखणं राहून जातं.

अ‍ॅव्हरेज मोजायचं तर टाकी काठोकाठ भरून, मीटरचा आकडा लिहून, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरताना मोजावं. असं तीनदा करून सरासरी काढावी. रिझर्व्हला लागली की शंभरचं टाकायचं आणि अंदाज बांधायचा, त्याने तीन-चार टक्क्यांचा फरक कधीच कळणार नाही.

रबर, फिल्टर, जेट

इथेनॉल जुनं नैसर्गिक रबर आणि बुचाच्या पॅकिंगला फुगवतं, नंतर ते कडक होऊन तडकतं. गाडीत असे भाग म्हणजे टाकीच्या कॉकमधलं वायसर, कॉकपासून कार्बोरेटरपर्यंतचा पेट्रोल पाइप, फ्लोटची सुईची टोपी, बाऊलचं ओरिंग. पाइप बोटाने दाबून बघायचा. चिकट लागला, फुगलेला दिसला किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर त्याच दिवशी बदलायचा. गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकलं तर प्रश्न अ‍ॅव्हरेजचा राहत नाही, आगीचा होतो. दुकानात पाइप घेताना ई-२० ला चालणारा मागावा. पारदर्शक स्वस्त प्लास्टिकची नळी घेऊ नये, ती महिन्या-दोन महिन्यांत लाकडासारखी कडक होते.

दुसरी गोष्ट गाळाची. जुन्या टाकीत वर्षानुवर्षं बसलेला राळेसारखा थर इथेनॉल सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये, जेटमध्ये येऊन अडकतो. म्हणून सुरुवातीच्या काही टाक्यांत गाडी झटके देते, जोर धरत नाही. अशा वेळी इंजिन खोलायची गरज नसते. टाकी धुवायची, फिल्टर बदलायचा, कार्बोरेटर साफ करायचा. बहुतेक गाड्या एवढ्यावर रुळावर येतात.

तिसरी गोष्ट जुळणीची. पेट्रोल जळायला लागते त्यापेक्षा इथेनॉलला हवा कमी लागते. इंजेक्शनवाल्या गाडीत धुराड्यात ऑक्सिजन सेन्सर असला की ती फरक ओळखून पेट्रोल थोडं जास्त सोडते. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो पूर्वीच्याच मापाने सोडतो आणि मिश्रण पातळ होतं. थंडीत सकाळी चोक जास्त वेळ धरावा लागणं, हळू चालताना बंद पडणं, जोर देताना ठसका बसणं, प्लगचं टोक पांढरट दिसणं, ही त्याची लक्षणं. स्क्रूवर हवा-पेट्रोलची जुळणी करून घेतली की बऱ्याच अंशी भागतं. तरी इंजिन तापत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा बसवतात, पण ते जाणत्या मेकॅनिककडूनच. चुकीचा जेट बसला तर आहे तेही अ‍ॅव्हरेज जातं.

पाणी हा खरा शत्रू

पावसाळ्यात दर वर्षी कुठल्या ना कुठल्या पंपावर भांडण होतं. दहा-वीस गाड्या पंपावरून निघून अर्ध्या किलोमीटरवर बंद पडतात, बाटलीत पेट्रोल काढलं की खाली वेगळा थर दिसतो, व्हिडिओ निघतो. पंपवाला म्हणतो, ते इथेनॉल आहे. लोक म्हणतात, पाणी आहे. बऱ्याचदा ते दोन्ही असतं.

पेट्रोल आणि पाणी एकत्र होत नाहीत. पाणी जड, ते तळाला बसतं. इथेनॉल मात्र पाण्याला ओढून घेतं. लिटरला चमचाभर पाणी असेल तर ते इथेनॉलमध्ये विरून जातं आणि गाडी चालत राहते. पाणी त्या मर्यादेपलीकडे गेलं की उलटं होतं. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याच्या बाजूला जातं आणि दोघं मिळून तळाला बसतात. गाडीची टाकी पेट्रोल घेते ती तळातूनच. त्यामुळे इंजिनला पेट्रोलऐवजी इथेनॉल मिसळलेलं पाणी जातं आणि गाडी जागेवर थांबते. गारव्यात ही मर्यादा आणखी कमी होते. संध्याकाळी नीट आलेली गाडी सकाळी चालू होत नाही, त्याचं हेही एक कारण असतं.

पूर्वी टाकीत थोडं पाणी असलं तरी ते तळाशी गप बसायचं. आता थोड्या पाण्याबरोबर इथेनॉलही खाली येतं, म्हणून खालचा थर मोठा दिसतो. बाटलीच्या व्हिडिओंतली फसगत इथेच आहे. १०० मिली चांगल्या ई-२० मध्ये कुणी २० मिली पाणी टाकून हलवलं तर खालचा थर २० न राहता ४० च्या जवळ जातो. ती पेट्रोलची भेसळ नाही, इथेनॉल खाली आल्याचा परिणाम आहे. पण पंपावरून घेतलेल्या पेट्रोलमध्ये बाहेरून काहीच न टाकता थर दिसत असेल, तर तिथे पाणी आहे. ‘इथेनॉल आहे’ हे उत्तर त्याला पुरत नाही. चांगलं ई-२० एकजीव असतं, त्यात थर पडत नाही. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी जाऊ न देणं ही पंपाची जबाबदारी आहे.

घरी घ्यायची काळजी सोपी आहे. पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवू नये. रिकाम्या जागेतल्या ओल्या हवेचं रात्री पाणी होतं आणि पत्र्याला गंज चढतो. झाकणाचं रबर बघावं. गाडी धुताना झाकणावर फवारा मारू नये. शंका आलीच तर इंजिन गार झाल्यावर कार्बोरेटरच्या बाऊलखालचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढावं आणि पाच मिनिटं स्थिर ठेवून बघावं. जवळ विडी-काडी नको.

हीच गोष्ट शेतातल्या यंत्रांची. फवारणी पंप, गवत कापायचं यंत्र, पॉवर वीडर, छोटा पाण्याचा पंप वर्षातून दोन-तीन महिने चालतात आणि बाकी वेळ खोपीत पडून असतात. टाकीत पेट्रोल तसंच राहिलं की पुढच्या हंगामात दोरी ओढून हात दुखतात. काम संपलं की टाकी रिकामी करावी आणि यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. दोन स्ट्रोकच्या यंत्रात ऑइल मिसळून ठेवलेलं पेट्रोल महिनोन् महिने वापरू नये, लागेल तेवढंच करावं. किराणा दुकानातल्या बाटलीतलं पेट्रोल किती दिवसांचं आणि कशातलं, हे विचारणारं कुणी नसतं. अडचणीला ठीक, रोज नको.

‘९५’ आणि ‘१००’ म्हणजे काय?

पंपावर साध्या पेट्रोलशेजारी लिटरला काही रुपये जास्त घेणारं पेट्रोल असतं. इंडियन ऑइलचं एक्सपी-९५, हिंदुस्तान पेट्रोलियमचं पॉवर, भारत पेट्रोलियमचं स्पीड. हा आकडा ऑक्टेनचा. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल वेळेआधी पेटू नये, यासाठीचा तो अंक आहे. अंक कमी आणि इंजिनाचा दाब जास्त असला की चढाला इंजिन टकटक वाजतं. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचा दाब मुळात कमी. एके काळी त्या ८८ ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालत होत्या. नंतर साधं पेट्रोल ९१ झालं. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०० च्या वर असतो, त्यामुळे २० टक्के मिश्रणानंतर साधंच पेट्रोल ९५ ला पोचल्याचं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं.

मग जादा पैसे कशाचे? मुख्यतः इंजिन साफ ठेवणाऱ्या रसायनांचे. त्यांचा थोडा उपयोग होतो, पण जुन्या स्प्लेंडरला किंवा मारुतीला दर वेळी ते घालून अ‍ॅव्हरेजमध्ये पैसे परत येत नाहीत. आणि ‘प्रीमियम म्हणजे बिनइथेनॉल’ हा समज चुकीचा आहे. ९५ च्या पेट्रोलमध्येही इथेनॉल असतं. इथेनॉल नसलेलं म्हणून लोक नाव घेतात ते एक्सपी-१०० चं. ते डिसेंबर २०२० मध्ये मुंबई-पुण्यासह मोजक्या शहरांत आलं. लिटरला दीडशे रुपयांच्या पुढे पडतं आणि तालुक्याला मिळत नाही. सहा टक्के वाचवायला पन्नास टक्के जादा मोजणं हा व्यवहार नाही. वर्षातून चार वेळा बाहेर निघणाऱ्या जुन्या हौशी गाडीपुरतं ते ठीक आहे.

इथेनॉल घातलं, मग पेट्रोल स्वस्त का नाही?

हा प्रश्न रास्त आहे. नीती आयोगाच्या त्याच अहवालात म्हटलं होतं की इथेनॉलने अ‍ॅव्हरेज कमी होतं, त्याची भरपाई म्हणून अशा पेट्रोलचा दर कमी असावा. जुन्या गाड्यांसाठी ई-१० चालू ठेवण्याची सूचनाही त्यात होती. दोन्ही गोष्टी ग्राहकाच्या पदरात पडल्या नाहीत.

सरकारचं उत्तर असं, की अहवाल लिहिला तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होतं, आता तसं नाही. २०२४-२५ साठी तेल कंपन्यांनी द्यायचा लिटरचा दर सी-हेवी मळीच्या इथेनॉलला ५७.९७ रुपये, बी-हेवीला ६०.७३, उसाच्या रसाला ६५.६१ आणि मक्याला ७१.८६ रुपये होता. वाहतूक आणि जीएसटी धरून सरासरी खरेदी ७१.३२ रुपयांना पडते, जी रिफायनरीतून निघणाऱ्या पेट्रोलपेक्षा महाग आहे, असं मंत्रालयाने जुलै २०२५ अखेरच्या आकड्यांवरून सांगितलं. पंपावर आपण मोजतो ते शंभराच्या पुढे, कारण त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क, राज्याचा व्हॅट आणि पंपाचं कमिशन चढतं. पेट्रोल जीएसटीत नाही. प्रत्येक राज्याचा कर वेगळा, म्हणून सीमेपलीकडे दर कमी असला की जतचा माणूस कर्नाटकात टाकी भरतो आणि सिंधुदुर्गातला गोव्यात. एकाच जिल्ह्यात पैशांचा फरक दिसतो तो डेपोपासूनच्या वाहतुकीचा.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर चित्र दुहेरी आहे. एक टन ऊस गाळून साखर काढली आणि उरलेल्या सी-हेवी मळीपासून इथेनॉल केलं तर साधारण दहा-अकरा लिटर मिळतं. साखर न करता सगळा रस वळवला तर सत्तर लिटरच्या आसपास. साखर विकायला महिने लागतात, इथेनॉलचे पैसे लवकर येतात, म्हणून कारखान्याच्या हातात उसाच्या बिलाला पैसा राहतो. पण भरवसा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये, ऐन गाळपाच्या हंगामात, केंद्राने रसापासून इथेनॉल करायला मनाई केली आणि नव्या डिस्टिलऱ्या उभारलेले कारखाने अडकले. पुढच्या हंगामासाठी ती मनाई उठवली. दरम्यान मका पुढे गेला. २०२४-२५ मध्ये धान्यापासूनचं इथेनॉल उसाच्या इथेनॉलपेक्षा जास्त झालं. मक्याला भाव मिळाला हे चांगलंच; पोल्ट्रीवाल्यांचं खाद्य महागलं, ही त्याचीच दुसरी बाजू.

इथेनॉल नको त्याला बिनइथेनॉलचा पर्याय द्या, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात झाली होती. १ सप्टेंबर २०२५ रोजी ती फेटाळली गेली. म्हणजे सध्या तरी ई-२० सोबतच राहायचं आहे. निदान प्रत्येक नोजलवर किती टक्के इथेनॉल आहे हे मोठ्या अक्षरात मराठीत लिहायला हरकत नसावी.

पंपावर काय मागता येतं?

शंका आली तर भांडण्याआधी तपासणी मागा. फिल्टर पेपर पंपावर ठेवावाच लागतो. नोजलचं टोक पुसून पेपरवर एक थेंब टाकायचा. दोन मिनिटांत उडून गेला आणि डाग राहिला नाही तर ठीक, डाग राहिला तर रॉकेल-ऑइलची शंका घ्यायची. या चाचणीत पाणी किंवा इथेनॉल कळत नाही, हे लक्षात ठेवा. माप कमी वाटलं तर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागायचं. पाच लिटरला २५ मिलीपर्यंत फरक चालतो, त्यापुढे कमी आलं तर वैधमापन विभागाकडे तक्रार होते. घनता रोज नोंदवलेली असते; ती तपासून दाखवा म्हणता येतं आणि टँकरबरोबर आलेल्या कागदावरच्या आकड्यापासून तीन अंकांपेक्षा जास्त फरक नसावा.

गाडी बंद पडलीच तर पावती जपून ठेवा. मेकॅनिकने टाकी उघडली की पेट्रोल ओतून देऊ नका. स्वच्छ काचेच्या बाटलीत दोन जणांसमोर काढा, झाकण लावा, तारीख-वेळ लिहा आणि पंपावरच्या तक्रार वहीत नोंद करा. कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याचा नंबर पंपाच्या फलकावर असतो. त्या दिवशी त्याच टाकीतून भरलेल्या बाकीच्या गाडीवाल्यांच्या पावत्याही मिळाल्या तर तक्रारीला वजन येतं.